मनाला लागणारा चकवा



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. बैठक सुरू व्हायच्या आधी एक ताई नवी साडी दाखवत होत्या. "दुकानदार बाराशे म्हणत होता, मी सातशेला आणली. पाचशे रुपये वाचवले!" सगळ्या जणी कौतुक करत होत्या. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "अगं, पण बाराशे किंमत सांगितली कुणी? त्यानंच ना?"

सगळ्या हसल्या. साडीवाल्या ताईसुद्धा हसल्या. मी मात्र ते वाक्य डायरीत लिहून घेतलं. कारण मावशींनी जे एका वाक्यात सांगितलं, ते समजायला मला कॉलेजात बरेच तास बसावं लागलं होतं.

आजचा लेख त्याच विषयावर आहे. आपण रोज किती निर्णय घेतो! कर्ज कुणाला द्यायचं, शेळी घ्यायची की शिलाई मशीन, कुणावर विश्वास ठेवायचा, कुठं सही करायची. आपल्याला वाटतं, हे सगळं आपण विचार करूनच ठरवलं. पण खूपदा मन आधीच ठरवून मोकळं झालेलं असतं आणि विचार मागून येतो.

पायवाट आणि चकवा

शेतात जाताना आपण दरवेळी सडकेनं जात नाही. बांधावरची पायवाट धरतो, लवकर पोचतो. मनाचंही तसंच आहे. प्रत्येक गोष्टीचा हिशोब मांडत बसलो तर स्वयंपाकसुद्धा दुपारपर्यंत व्हायचा नाही. म्हणून मन पायवाटा शोधतं. "मागच्या वेळी हेच केलं होतं", "सगळे असंच म्हणतात", "माणूस चांगला दिसतोय" या सगळ्या मनाच्या पायवाटाच आहेत. बहुतेक वेळा त्या बरोबर नेतात.

पण आपल्याकडे चकवा लागतो म्हणतात ना? ओळखीचं रान, रोजची वाट, आणि तरी माणूस रात्रभर तिथल्या तिथं गोल फिरत राहतो. रानातला चकवा खरा की खोटा, या वादात मी पडत नाही. मनाला मात्र चकवा लागतो हे नक्की. आणि तो ओळखीच्या वाटेवरच लागतो, म्हणून कळत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. हे चकवे शिक्षण कमी आहे म्हणून लागत नाहीत. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वेर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात यावर खूप काम केलं. पुढे २००२ मध्ये कानेमन यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. एवढी वर्षं अभ्यास करूनही आपलं स्वतःचं मन तसंच चुकतं, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. तेव्हा "आम्ही अडाणी, आम्हाला काय कळतंय" हे वाक्य आज बाजूला ठेवायचं. डॉक्टर, मास्तर, बँकेचे साहेब आणि तुमची ही समन्वयक, सगळ्यांना हे लागू आहे.

चकवा पहिला: आधी ऐकलेला आकडा

या दोघांचा १९७४ साली छापलेला एक प्रयोग सांगते. त्यांनी जत्रेत असतं तसं एक चक्र ठेवलं, त्यावर शून्य ते शंभर आकडे. चक्र असं बनवलं होतं की ते १० वर नाहीतर ६५ वरच थांबायचं. लोकांना हे माहीत नव्हतं. चक्र फिरवल्यावर त्यांना विचारलं, "संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकेतले देश किती टक्के आहेत?" आता चक्राचा आणि आफ्रिकेचा काही संबंध आहे का? नाही. पण ज्यांच्यापुढे १० आला त्यांचा अंदाज साधारण २५ टक्क्यांच्या आसपास आला, आणि ज्यांच्यापुढे ६५ आला त्यांचा ४५ च्या आसपास.

म्हणजे कानावर पडलेला पहिला आकडा मनात खुंटा ठोकतो. मग आपण दोरी बांधल्यासारखं त्याच्याच भोवती फिरतो. साडीचे बाराशे हा असाच खुंटा. व्यापारी बांधावर येऊन तुरीचा भाव आधी सांगतो, तोही खुंटाच. आपण त्याच्यापेक्षा दोनशे वाढवून घेतले की जिंकल्यासारखं वाटतं. बाजार समितीतला त्या दिवसाचा भाव विचारायचा राहूनच जातो.

याचाच एक भाऊ आहे, तो म्हणजे बारीक करून दाखवलेला आकडा. दारावर विकायला येणारे म्हणतात, "ताई, दिवसाला फक्त ६० रुपये!" साठ रुपये ऐकून मन म्हणतं, एवढे तर चहा-बिस्किटात जातात. आता कागद-पेन घ्या आणि माझ्यासोबत हिशोब करा.

समजा वस्तूची रोख किंमत १५,००० रुपये आहे. वर्षभर रोज ६० रुपये म्हणजे ६० गुणिले ३६५, होतात २१,९०० रुपये. म्हणजे ६,९०० रुपये जास्तीचे.

हेच १५,००० गटातून महिना दोन टक्क्यांनी काढले, महिन्याला १,२५० मुद्दल फेडलं आणि व्याज उरलेल्या मुद्दलावरच लावलं, तर बारा महिन्यांचं एकूण व्याज होतं १,९५० रुपये. एकूण फेड १६,९५०. दोन्हीत फरक ४,९५० रुपयांचा. आणि गटाला दिलेलं व्याज गटातच राहतं.

म्हणून "रोजचे किती" हे ऐकून घ्या, पण सही करायच्या आधी एकच प्रश्न विचारा: "सगळे मिळून किती?" फाइल चार्ज, विमा, दंड, सगळं धरून. उत्तर द्यायला समोरचा टाळाटाळ करत असेल तर तेच उत्तर समजा.

चकवा दुसरा: गेलेल्या पैशाची ओढ

बोअर घेताना काय होतं आठवा. दोनशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा. मशीनवाला विचारतो, "थांबायचं का?" घरातले म्हणतात, "एवढे पैसे घातलेत, आता कसं थांबायचं? अजून शंभर फूट जाऊ द्या." पाणी लागेलही, नाही असं नाही. पण "एवढे घातलेत" हे पुढं जायचं कारण होऊ शकत नाही. घातलेले पैसे थांबलं तरी गेले आणि पुढं गेलं तरी गेले. पुढच्या शंभर फुटांचे पैसे मात्र अजून आपल्या हातात आहेत.

गटाच्या धंद्यातही हेच होतं. एका गटानं मसाल्याचं मशीन घेतलं होतं. गावात विजेचा दाब कमी, मशीन सारखं बंद पडायचं. दर दोन-तीन महिन्यांनी दुरुस्तीला पैसे. बंद करायचं नाव काढलं की कुणीतरी म्हणायचं, "इतका खर्च केलाय, लोक काय म्हणतील?" शेवटी त्यांच्या सचिव ताईंनी बैठकीत वेगळ्या पद्धतीनं विचारलं: "समजा हे मशीन आपल्याकडे नाहीच. आज कुणी आपल्याला हे दुरुस्तीचं मशीन फुकट दिलं, तर त्यावर आपण महिन्याला एवढे पैसे घालू का?" सगळ्या गप्प झाल्या. पुढच्या महिन्यात मशीन विकलं. किंमत कमीच आली, पण दुरुस्तीचा खर्च थांबला.

तुम्हीही हा प्रश्न ठेवा: "आज पहिलाच दिवस असता तर मी हे केलं असतं का?" गेलेला पैसा वहीत लिहायचा असतो. पुढचा पैसा ठरवताना त्याला मत द्यायचा अधिकार नसतो.

चकवा तिसरा: डोळ्यासमोर आलेली गोष्ट

जी गोष्ट पटकन आठवते ती मनाला जास्त खरी वाटते. शेजारणीच्या तीन शेळ्या एका रात्रीत मेल्या, की अख्खी गल्ली म्हणते, "शेळीपालनात काही राम नाही." गावात ज्यांच्या शेळ्या व्यवस्थित वाढल्या, करडं विकली, पोरांची फी भरली, त्या बायका काही रडत फिरत नाहीत. म्हणून त्या आठवत नाहीत. लस टोचल्यावर एका बाळाला ताप आला, ते गावभर होतं. लस घेऊन आजारातून वाचलेल्या बाळांची बातमी होत नाही, कारण तिथं काही घडलेलंच नसतं.

उलट्या बाजूनंही हे होतं, आणि तिथंच मोठा धोका आहे. "सहा महिन्यांत पैसे दुप्पट" वाली योजना गावात येते. पहिल्या दहा-वीस जणींना खरंच पैसे मिळतात. त्या आनंदानं सगळ्यांना सांगतात. आपण काय बघतो? समोरची बाई, तिच्या हातातल्या नोटा, तिच्या गळ्यातलं नवं डोरलं. मन म्हणतं, डोळ्यानं बघितलं, आता अजून काय पाहिजे?

पण ते पैसे आले कुठून? अशा योजनेत धंदा काही नसतो. मागून आलेल्यांचे पैसे पुढच्यांना दिले जातात. नवे लोक यायचे थांबले की देणाराही गायब होतो. ज्यांचे बुडतात त्या लाजेनं बोलत नाहीत, घरात सांगत नाहीत. म्हणून आपल्या डोळ्यासमोर नेहमी जिंकलेलीच बाई येते. नोंदणी नसलेल्या अशा ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा २०१९ मध्ये झालाय. पण कायदा येईपर्यंत आपली बचत गेलेली असते. तेव्हा अशा माणसाला दोन गोष्टी विचारा: नोंदणी कुणाकडे आहे, आणि दुप्पट होणारा पैसा कोणत्या धंद्यातून येतो? आणि स्वतःला एक विचारा: जिला मिळाले ती दिसली, जिला मिळाले नाहीत ती कुठं आहे?

चकवा चौथा: एका गुणावरून सगळं माणूस

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते. सांगायला सोपी नाही, पण तुम्हाला चकवे सांगायचे आणि स्वतःचा लपवायचा हे बरं नाही.

नोकरीचं माझं पहिलंच वर्ष. गटांची श्रेणी ठरवायची होती, त्यावरून बँक कर्जाचे प्रस्ताव पुढं जाणार होते. एका गावात दोन गट होते. पहिल्या गटाचं रजिस्टर छापल्यासारखं स्वच्छ, अध्यक्ष ताई बोलायला चटपटीत, सतरंजी अंथरलेली, स्वागताला फूल. दुसऱ्या गटाचं रजिस्टर तेलाच्या डागांचं, खाडाखोड केलेलं, पानापानावर अंगठे. अध्यक्ष काकू माझ्याकडे बघून बोलतसुद्धा नव्हत्या. मी पहिल्या गटाला 'अ' दिला आणि दुसऱ्याला 'क'. मनात शंकाही आली नाही.

पुढं दोन महिन्यांनी हिशोब तपासताना कळलं, की पहिल्या गटाची बैठक क्वचितच व्हायची. रजिस्टर एकाच रात्री, एकाच पेनानं लिहिलेलं होतं. आणि डागाळलेल्या रजिस्टरच्या गटात दीड वर्षात एकही हप्ता थकला नव्हता. खाडाखोड होती, कारण त्या दर बैठकीत बसून, बोटांवर मोजून, चुकलं की खोडून लिहीत होत्या.

श्रेणी दुरुस्त केली, पण प्रस्ताव मागं पडला. जूनमध्ये पेरणीला मिळायला हवं होतं ते कर्ज सप्टेंबरात आलं. त्या गटातल्या एका ताईंनी वीस हजारांचं बी-खत सवाईच्या बोलीवर उचललं होतं. सोयाबीन निघाल्यावर त्यांनी पंचवीस हजार फेडले. वरचे पाच हजार माझ्या चुकीचे. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ दे पोरी, तू नवीन होतीस." त्यांनी जाऊ दिलं. माझ्या मनातून ते अजून जात नाही.

या चकव्यावर एडवर्ड थॉर्नडाइक नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९२० मध्येच लिहून ठेवलं होतं. सैन्यातले अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसांना गुण देत होते. जो दिसायला रुबाबदार, त्यालाच हुशारीचे, शिस्तीचे आणि स्वभावाचेही जास्त गुण! एक गोष्ट आवडली की तिचा उजेड बाकी सगळ्यावर पडतो. आणि एक नावडली की तिची सावलीही तशीच पडते.

गटात हे कुठं होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. एखाद्या ताईचा नवरा दारू पितो, म्हणून "तिला कर्ज नको, बुडवेल." मग ती दोनदा उशिरा आली तर ते सगळ्यांना आठवतं, दहादा वेळेवर भरलं ते कुणाला आठवत नाही. मनाला जे आधीच वाटलंय त्याचेच पुरावे ते वेचत राहतं. यावर औषध आपल्याकडेच आहे. तिच्याविषयी बोलायच्या आधी तिचं वैयक्तिक पासबुक उघडा. किती हप्ते, किती वेळेवर, किती उशिरा. आधी मोजा, मग बोला.

चकवा पाचवा: सगळ्या म्हणतात म्हणून

गट म्हणजे आपली ताकद. एकटीला फसवणं सोपं, दहा-बारा जणींना अवघड. पण गटालाही एक चकवा लागतो, तोही समजून घेऊ.

१९५० च्या दशकात अमेरिकेत सॉलोमन अ‍ॅश यांनी एक प्रयोग केला. खोलीत काही माणसं बसवली. एक रेघ दाखवली आणि बाजूच्या तीन रेघांतली तिच्याएवढी कोणती ते विचारलं. लहान पोरगंही सांगेल इतकं सोपं. पण त्यातला एक जण सोडून बाकी सगळे प्रयोग करणाऱ्यांचे साथीदार होते आणि ते मुद्दाम एकसारखं चुकीचं उत्तर द्यायचे. तो एकटा बिचारा काय करायचा? दर चार जणांतल्या साधारण तिघांनी एकदा तरी डोळ्यासमोरची रेघ सोडून सगळ्यांच्या मागं जाऊन चुकीचं उत्तर दिलं. मात्र साथीदारांपैकी एकानं जरी खरं उत्तर दिलं, तर त्या माणसाला बळ यायचं आणि चुकीच्या उत्तरामागं जाणं खूपच कमी व्हायचं.

आपल्या बैठकीत काय होतं? अध्यक्ष ताई आधी म्हणतात, "मला वाटतं हे कर्ज देऊन टाकू." मग एक मान हलते, दुसरी हलते, आणि ठरावावर सगळ्यांच्या सह्या. बैठक संपल्यावर चपला घालताना दोघी हळूच बोलतात, "मला तर पटलं नव्हतं." मग बोलल्या का नाहीत? कारण प्रत्येकीला वाटलं, मीच एकटी वेगळी. कधी बोलणारी सून असते आणि समोर चुलत सासू बसलेली असते. हेही खरंच आहे.

म्हणून लक्षात ठेवा, एकीनं "थांबा, मला शंका आहे" म्हटलं तर ती बैठक मोडत नाही. ती दुसऱ्या चौघींना बोलायला जागा करून देते.

आणि कोण बोलतंय यावरूनही मन चकतं. पश्चिम बंगालमधला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. गावकऱ्यांना एकच भाषण ऐकवलं, काहींना पुरुषाच्या आवाजात, काहींना बाईच्या आवाजात. ज्या गावांत आरक्षणातून कधीच बाई प्रधान, म्हणजे आपल्याकडची सरपंच, झाली नव्हती, तिथल्या पुरुषांना तेच शब्द बाईच्या तोंडून आले की कमी दर्जाचे वाटले. जिथं बाईनं कारभार केलेला लोकांनी पाहिला होता, तिथं हा भेद पुसला गेला होता. म्हणजे हा चकवा कायमचा नाही. पाहून पाहून मन सुधारतं. ग्रामसभेत तुम्ही उठून बोलता तेव्हा आज कुणी हसेलही. पण तुमच्यानंतर उठणाऱ्या पोरीला ते थोडं सोपं झालेलं असतं.

काळजीनं भरलेलं डोकं

अजून एक गोष्ट, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांना तोडणीच्या आधी आणि तोडणीनंतर बुद्धीला चालना देणारी कोडी दिली. माणसं तीच. पण तोडणीच्या आधी, हातात पैसा नसताना, त्यांना कोडी कमी सुटली. पैसे आल्यावर जास्त सुटली. अभ्यासकांनी यातून सांगितलं की पैशाची काळजी डोक्यातली बरीच जागा अडवून ठेवते, मग बाकी विचाराला जागा कमी उरते.

म्हणजे ज्या वेळी निर्णय सगळ्यात अवघड, त्याच वेळी डोकं सगळ्यात थकलेलं. मे-जूनमध्ये पेरणीची चिंता, पोरांच्या शाळेची चिंता, आणि नेमका तेव्हाच कुणी झटपट कर्ज घेऊन दारात उभा राहतो. अशा वेळी सही केलेल्या बाईला नंतर "तुला अक्कल नव्हती का?" म्हणणं हा अन्याय आहे. अक्कल होती, जागा नव्हती. म्हणूनच अशा दिवसांत एकटीनं ठरवायचं नाही. आपल्या डोक्यात जागा नसेल तर मैत्रिणीच्या डोक्यात असते. गट त्याचसाठी आहे.

बैठकीसाठी सहा सवयी

हे चकवे माहीत झाले म्हणून लागायचे थांबत नाहीत. त्यासाठी सवयी लागतात. आपली पंचसूत्री बघा: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. मन विसरतं तिथं वही आठवण देते, एकटी चुकते तिथं बैठक सावरते. त्यात या सहा गोष्टी घाला:

१. भाव ऐकायच्या आधी आपला आकडा घरून ठरवून कागदावर लिहून न्या.

२. कुठल्याही हप्त्याला "सगळे मिळून किती?" हा प्रश्न विचारल्याशिवाय सही नाही.

३. चालू धंद्यात पुन्हा पैसा घालताना विचारा: "आज पहिलाच दिवस असता तर घातला असता का?"

४. कर्जमागणीवर बोलताना आधी त्या ताईचं पासबुक मोठ्यानं वाचा, मग मतं घ्या.

५. अध्यक्ष, सचिव यांनी मत सगळ्यात शेवटी द्यायचं. नाजूक विषय असेल तर चिठ्ठ्या टाका. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी हो साठी तांदळाचा, नाही साठी तुरीचा दाणा मुठीतून डब्यात टाकायचा.

६. मोठा निर्णय एकाच बैठकीत करायचा नाही. एका बैठकीत मांडा, पुढच्या बैठकीत ठरवा. मधल्या दिवसांत प्रत्येकीनं "हे का करू नये" याचं एक तरी कारण शोधून आणायचं. "आजच सही करा, उद्या ऑफर बंद" असं जो म्हणतो, त्याला या सवयीची भीती वाटत असते हे ओळखा.

पुढच्या बैठकीत करून बघा

एका पेल्यात तुरीचे दाणे भरून ठेवा. निम्म्या जणींना बाहेर पाठवा. आतल्या जणींना विचारा, "दाणे शंभरापेक्षा जास्त की कमी?" आणि मग प्रत्येकीचा अंदाज लिहा. त्यांना बाहेर पाठवून दुसऱ्यांना आत बोलवा आणि विचारा, "दाणे पाच हजारांपेक्षा जास्त की कमी?" आणि त्यांचेही अंदाज लिहा. मग दोन्ही यादी शेजारी ठेवून वाचा. पेला एकच, दाणे तेच. अंदाज किती वेगळे आले ते मला नक्की सांगा.

आणि त्या भिंतीला टेकून बसलेल्या मावशी? प्रत्येक गटात तशी एक मावशी असतेच. कमी बोलते, पण बोलली तर नेमकं बोलते. पुढच्या बैठकीत मोठा विषय निघाला की सगळ्यांचं झाल्यावर तिच्याकडे वळून विचारा, "मावशी, तुम्हाला काय वाटतं?"

भेटूच.

तुमची,
क्षेत्र समन्वयक